पुडिंगच्या यादीतला भारत

डिसेंबरात इंग्लंडमध्ये कुणाच्या घरी जेवायला गेलात, तर शेवटी ताटलीत एक काळपट, घुमटासारखा गोळा येतो. दिवे मालवतात, वर गरम ब्रँडी ओतून काडी लावतात आणि निळी ज्योत विझली की प्रत्येकाला एकेक फोड मिळते. ‘हे आमचं अगदी अस्सल इंग्लिश,’ यजमान सांगतात. तुम्ही घास घेता आणि मनात म्हणता, अरे, यात तर लवंग आणि जायफळ आहे! जिभेने बरोबर ओळखलं. आज आपण या ख्रिसमस पुडिंगचा इतिहास बघू, आणि मुख्य म्हणजे १९२७ सालची सामानाची एक यादी.

आधी ते करतात कसं ते पाहू. मनुका, बेदाणे, करंट नावाच्या बारीक काळ्या मनुका, पावाचा चुरा, मैदा, तपकिरी साखर, अंडी, मसाला आणि दारू एकत्र कालवायची. त्यात स्यूट घालायचं, म्हणजे गुरांच्या मूत्रपिंडाभोवतीची घट्ट चरबी. शाकाहारी असाल तर वनस्पती तेलाचं स्यूटही मिळतं. मिश्रण भांड्यात भरून, तोंड कागदाने आणि फडक्याने बांधून सहा ते आठ तास उकडायचं. उकडीचे मोदक करणाऱ्यांना वाफेचं काम नवीन नाही, पण इथे सगळी कसोटी खालचं पाणी आटू न देण्याची. मग ते काही आठवडे मुरायला ठेवतात. म्हणूनच नोव्हेंबरअखेरच्या ‘स्टर-अप संडे’ला घरातला प्रत्येक जण मिश्रण एकदा ढवळतो. गंमत म्हणजे हे नाव चर्चमधल्या त्या दिवसाच्या प्रार्थनेच्या सुरुवातीच्या शब्दांवरून आलंय, आणि तिथे ढवळायची असतात ती माणसांची मनं!

पूर्वी हा गोळा फडक्यात पुरचुंडी बांधून उकळत्या पाण्यात सोडायचे. चार्ल्स डिकन्सच्या १८४३ च्या ‘अ ख्रिसमस कॅरोल’मध्ये क्रॅचिट कुटुंबाचं पुडिंग कपडे उकळायच्या हंड्यातच शिजतं. १८४५ मध्ये एलायझा ॲक्टनने आपल्या पाकपुस्तकात ‘ख्रिसमस पुडिंग’ या नावाने कृती दिली. म्हणजे पदार्थ जुना असला, तरी ज्याला आपण परंपरा म्हणतो तिचा आजचा थाट बराचसा एकोणिसाव्या शतकातला आहे.

आणि यातलं सामान कधीच फक्त इंग्लंडचं नव्हतं. करंट ग्रीसहून यायचे, मसाले त्याहून लांबून. पुडिंग आणि सत्ता यांचं नातं तेव्हाच्या लोकांनाही दिसत होतं. १८०५ मध्ये जेम्स गिलरेने काढलेलं व्यंगचित्र शोधून बघा. ब्रिटनचा पंतप्रधान पिट आणि नेपोलियन समोरासमोर बसलेत, मधल्या ताटात पुडिंगच्या रूपात पृथ्वी आहे आणि दोघं आपापला तुकडा कापून घेतायत.

आता ती यादी. १९२६ मध्ये ब्रिटिश सरकारने एम्पायर मार्केटिंग बोर्ड स्थापन केलं. ब्रिटिश गिऱ्हाइकाने परक्या देशांचा माल सोडून साम्राज्यातला माल घ्यावा, हा प्रचार करणं त्याचं काम. पुढच्याच वर्षी बोर्डाने राजा पंचम जॉर्जच्या परवानगीने राजघराण्याच्या पुडिंगची कृती प्रसिद्ध केली. ती दिली होती राजाच्या मुदपाकखान्याचे प्रमुख आँरी सेदार यांनी. प्रत्येक जिनसापुढे तो कुठून घ्यायचा हेही छापलं होतं. करंट पाच पौंड, ऑस्ट्रेलियाचे. म्हणजे ग्रीस बाद! लवंग झांझिबारची, जायफळ वेस्ट इंडीजचं, ब्रँडीच्या पर्यायांत सायप्रस आणि पॅलेस्टाइनही.

भारत कुठे आहे? दोन ठिकाणी. दोन औंस दालचिनी, ‘भारत किंवा सिलोन’. आणि एक चमचा पुडिंग मसाला, ‘भारत किंवा वेस्ट इंडीज’. तीस कोटींहून जास्त लोकांचा देश, आणि दोन्हीकडे ‘किंवा’. भारत पूर्ण वगळूनही हे पुडिंग होऊ शकत होतं.

असं यादी म्हणते. पण जरा साखरेची ओळ वाचा: अडीच पौंड डेमरारा साखर, वेस्ट इंडीज किंवा ब्रिटिश गयाना. डेमरारा हा आजच्या गयाना देशातला भाग. तिथली गुलामगिरी संपल्यावर मळेवाल्यांनी उसाच्या कामाला भारतातून कराराने मजूर नेले. १८३८ ते १९१७ या काळात सुमारे २ लाख ३९ हजार माणसं गेली, बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारमधली, कलकत्त्याच्या बंदरातून. १९२७ मध्ये त्या मळ्यांत ते आणि त्यांची मुलं राबत होती. रमच्या ओळीतही गयाना आहे, आणि रम होते उसाच्याच मळीपासून. म्हणजे मसाल्याच्या ओळीत ‘किंवा’ असलेला भारत साखरेच्या ओळीत अंगमेहनत करत होता, फक्त तिथे त्याचं नाव नव्हतं.

आपल्या मॉरिशसच्या वाचकांना हे वेगळं सांगायला नको. तिथल्या मराठी माणसांचे पूर्वज याच करारपद्धतीने, मुंबई बंदरातून, उसाच्या मळ्यांवर गेले. त्यांत कोकणातले बरेच.

खाद्यपदार्थांच्या इतिहासात आपण नेहमी विचारतो, हा पदार्थ कुठला? या प्रश्नाचं उत्तर देशाच्या नावाने मिळतं आणि आपलं समाधान होतं. बोर्डालाही नेमकं तेच हवं होतं. देशांची नावं वाचून साम्राज्य एकाच भांड्यात गुण्यागोविंदाने शिजतंय असं वाटावं. ऊस कुणी तोडला, लवंग कुणी खुडली, हे विचारलं की चित्र बदलतं.

पुडिंग खाऊ नका असं मी म्हणत नाही. मी स्वतः दरवर्षी करते. पण या वर्षी ढवळायची पाळी तुमची आली आणि कुणी ‘हे अगदी अस्सल इंग्लिश’ म्हणालं, तर वाद घालू नका. साखरेचं पाकीट हातात घ्या आणि डेमरारा कुठे आहे ते विचारा. पुडिंग उकडायला तसेही आठ तास लागतात. गोष्ट सांगायला वेळ भरपूर असतो.