वसईचा धर्मग्राम : रविवारची मराठी आणि जमिनीचा लढा

सीमाभागात मराठीच्या भवितव्याची चर्चा बहुधा शाळा, फलक आणि सरकारी कागद या तीन गोष्टींभोवती फिरते. त्या तिन्ही महत्त्वाच्या आहेतच. परंतु जिथे भाषा दर आठवड्याला न चुकता मोठ्याने वाचली आणि ऐकली जाते, त्या जागांकडे आपले लक्ष क्वचितच जाते. भजनी मंडळ ही तशी जागा आहे. वसई तालुक्यातील कॅथलिक धर्मग्राम, म्हणजे एका चर्चच्या परिसरातील ख्रिस्ती समाज, हीदेखील तशीच जागा आहे. तिचा इतिहास आपण बेळगाव-खानापुरात, गोव्यात वा बडोद्यात बसून वाचावा असा आहे. कारण तेथे उपासनेची भाषा बदलली आणि पुढे पंचवीस वर्षांत त्याच भाषेत लोक शासनाशी जमिनीसाठी आणि पाण्यासाठी भांडले.

वसई १५३४ मध्ये पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. मधल्या दोनशे वर्षांत येथील अनेक गावे ख्रिस्ती झाली, पण घरातली बोली गेली नाही. कुपारी समाजाची सामवेदी ऊर्फ कादोडी, वाडवळांची वाडवळी आणि कोळ्यांची कोळी बोली ओसरीवर आणि वाडीत चालूच राहिली. गोव्यात मात्र राज्यकर्त्यांनी भाषेवरच हात घातला. १६८४ च्या फर्मानाने तेथील लोकांनी तीन वर्षांत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी असा आदेश काढला. विशेष म्हणजे त्याच गोव्यात, रायतूर येथे, १६१६ मध्ये फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले होते. ख्रिस्ती धर्म आणि मराठी यांचे नाते परके नाही, हे सांगायला दुसऱ्या पुराव्याची गरज नसावी.

तरीही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत रविवारची मिस्सा लॅटिनमध्येच होत असे. वेदीवर धर्मगुरू लॅटिन म्हणत आणि खाली बसलेली माणसे हातात जपमाळ घेऊन आपल्यापुरती प्रार्थना करीत. समाज एकत्र येई, पण एकत्र बोलत नसे. हा फरक मला मोलाचा वाटतो.

४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा दस्तऐवज मंजूर केला आणि लोकभाषेला वेदीवर वाट मिळाली. आज कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या कायदेसंहितेत कलम ९२८ म्हणते की मिस्सा लॅटिनमध्ये किंवा अधिकृत मान्यता मिळालेली संहिता असलेल्या दुसऱ्या भाषेत अर्पण करावी. वकील म्हणून ही संहिता चाळताना आणखी दोन कलमांपाशी मी थांबलो. कलम ५१५ धर्मग्रामाला निव्वळ इमारत किंवा हद्द न मानता श्रद्धावंतांचा स्थिर समुदाय मानते आणि त्याला कायद्याच्या दृष्टीने व्यक्तित्व देते. कलम ५२८ प्रमुख धर्मगुरूची कर्तव्ये सांगताना सामाजिक न्यायाशी संबंधित कार्यालाही उत्तेजन द्यावे असे स्पष्ट नमूद करते. म्हणजे वसईचे धर्मगुरू पुढे मोर्चात उतरले, तेव्हा ‘पाद्र्यांचे काम चर्चमध्ये’ असा जो टोमणा त्यांना ऐकावा लागला, त्याला त्यांच्याच कायद्यात उत्तर होते.

वसईच्या चर्चमध्ये मराठी आली ती प्रमाण मराठी. घरात सामवेदी बोलणाऱ्या शेतकऱ्याला तीही काहीशी शिकावीच लागली, आणि शिकवणारा होता आठवडा. रविवारच्या मिस्सेत जुना करार, स्तोत्र, प्रेषितांचे पत्र आणि शुभवर्तमान असा वाचनांचा क्रम असतो, आणि तीन वर्षांत तो फिरून येतो. शुभवर्तमान धर्मगुरू वाचतो. आधीची वाचने सामान्य माणसे करतात. केळी-भाजीच्या वाडीत राबणाऱ्याची मुलगी व्यासपीठावर उभी राहून शेकडो लोकांसमोर आमोस संदेष्ट्याचे वचन वाचते. खोटी मापे वापरणाऱ्या आणि गरिबाला जोड्याच्या मोलाने विकत घेणाऱ्या व्यापाऱ्यांवर त्या संदेष्ट्याने ओढलेले कोरडे तिच्या तोंडून गाव ऐकते. एरवीच्या दिवसांच्या वाचनांत नाबोथाची कथा येते. राजाला नाबोथाचा द्राक्षमळा हवा असतो आणि तो मोबदलाही देऊ करतो. वाडवडिलांचे वतन देणार नाही असे नाबोथ सांगतो. मग खोटे साक्षीदार उभे राहतात, नाबोथाला दगडांनी ठार मारले जाते आणि मळा राजाकडे जातो. वसईच्या जमीनधारकाला ही कथा समजण्यासाठी प्रवचनाची जरुरी नव्हती.

प्रवचनानंतर येतात श्रद्धावंतांच्या प्रार्थना. मध्ययुगापासून जवळपास लोपलेला हा भाग परिषदेने पुन्हा सुरू केला. चर्चसाठी, राज्यकर्त्यांसाठी, पीडितांसाठी आणि शेवटी आपल्या गावासाठी विनंत्या केल्या जातात; त्या वाचणारे बहुधा गावातलेच कोणी असते. गावाची अडचण चार ओळींत, नेमक्या आणि सभ्य शब्दांत, सर्वांसमोर मांडायची असते. माझ्या मते अर्ज लिहिण्याचे याहून चांगले शिक्षण नाही.

आठवड्याचा उरलेला भागही रिकामा नसतो. मुलांचे धर्मशिक्षणाचे वर्ग, बुधवारची नित्य सहाय मातेची नोव्हेना, महिला आणि युवकांची मंडळे, आजाऱ्यांच्या घरी पवित्र कम्युनियन, आणि संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीची गरजू कुटुंबांना भेट देणारी माणसे, असा हा क्रम चालतो. ही सोसायटी १८३३ मध्ये पॅरिसमध्ये सुरू झाली. नियमित बैठक आणि गरजूच्या घरी प्रत्यक्ष जाऊन भेट ही तिची रीत आहे. मदत घ्यायला माणसाने दारात यावे असे ती म्हणत नाही, हे मला विशेष वाटते. अर्थात परस्परसाहाय्याची ही परंपरा मराठी मिस्सेच्या आधीची आहे. पापडी येथे १९१८ मध्ये सुरू झालेली कॅथलिक पतसंस्था आज बसीन कॅथलिक सहकारी बँक म्हणून उभी आहे.

या सगळ्याची कसोटी लागली ती १९८८ च्या सुमारास. वसईचा हरित पट्टा बांधकामाला खुला होऊ लागला आणि रेल्वेलगत वाढणाऱ्या इमारतींसाठी गावच्या विहिरींचे पाणी टँकरने जाऊ लागले. समुद्रकाठच्या या गावांत गोडे पाणी हा जपून वापरायचा ठेवा आहे. पावसाचे पाणी साठवणारी बावखले विहिरींना जिवंत ठेवतात; उपसा मर्यादेबाहेर गेला की विहिरीत खारे पाणी शिरते आणि वाडी संपते. हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली, तिचे नेतृत्व फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी केले आणि ख्रिस्ती शेतकऱ्यांबरोबर हिंदू शेतकरीही त्यात आले. तो काळ गुंडगिरीच्या दहशतीचा होता. उघड बोलण्याची किंमत द्यावी लागेल हे सर्वांना ठाऊक होते. १९९० मध्ये सिडकोला या भागासाठी विशेष नियोजन प्राधिकरण नेमले गेले, आणि लढा रस्त्यावरून कागदावरही आला.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ नुसार प्रारूप योजना प्रसिद्ध झाली की ठरावीक मुदतीत हरकती व सूचना द्याव्या लागतात. हरकत लिहिणे सोपे नसते. सर्व्हे नंबर, विहीर, पीक आणि नुकसान हे सारे रागावर ताबा ठेवून मांडावे लागते. वसईत हे लिहिणारी आणि दुसऱ्याला लिहून देणारी माणसे गावोगावी निघाली. त्यामागे शाळा होत्या, दिब्रिटो ज्याचे १९८३ पासून २००७ पर्यंत संपादक होते ते ‘सुवार्ता’ मासिक होते, आणि रविवारचे ते व्यासपीठही होते असे माझे मत आहे. २००९ मध्ये महानगरपालिका स्थापन झाली तेव्हा गावांनी तिला विरोध केला. २०१६ मध्ये मुंबई महानगर प्रदेशाची प्रारूप प्रादेशिक योजना आली तेव्हाही वसईतून हरकतींचा ओघ लागला. लढा पूर्ण यशस्वी झाला असे म्हणता येणार नाही. नालासोपारा-विरारकडे पाहिले की किती गेले हे दिसते. पश्चिमेकडील गावांत किती राहिले हेही दिसते.

आपल्या सीमाभागात स्थिती अधिक कठीण आहे. वसईच्या शेतकऱ्याला शासनाची भाषा आपलीच मिळाली. आपल्याकडे भूसंपादनाची नोटीस जिला वाचता येत नाही अशा भाषेत ती एखाद्या आजीच्या हाती पडते. पण राज्यघटनेचा अनुच्छेद ३५० गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा हक्क प्रत्येक व्यक्तीला देतो. हा हक्क बजावायला मराठीत नेमके निवेदन लिहिणारी माणसे गावात हवीत. ती परिषदांमध्ये तयार होत नाहीत. आपल्या देवळांत, वाचनालयांत आणि मंडळांत आठवड्यातून एकदा तरी कोणी उभे राहून गावाची अडचण चार वाक्यांत वाचते का, हे प्रत्येकाने आपल्या गावापुरते पाहावे.

वसईलाही आता नवे प्रश्न आहेत. १९९८ मध्ये वसई स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि संत तुकारामांवर प्रबंध लिहिणारे थॉमस डाबरे त्याचे पहिले बिशप झाले. फादर दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि जुलै २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. दरम्यान मुले इंग्रजी शाळांत गेली आहेत. नव्या वसाहतींत कोकणी, मल्याळी आणि इंग्रजी बोलणारे कॅथलिक आले आहेत, आणि त्यांच्या मिस्सा त्यांच्या भाषेत व्हाव्यात हा त्यांचाही तितकाच न्याय्य हक्क आहे. कलम ९२८ त्यांनाही लागू आहे. प्रश्न आहे तो सामवेदी आजोबांच्या इंग्रजी शाळेत शिकलेल्या नातवाचा : रविवारी सकाळी तो कोणत्या मिस्सेला जातो, आणि वाचनाची यादी लावताना त्याचे नाव कोणत्या भाषेखाली लिहिले जाते.