सात इंची पडदा आणि पळालेली वेलांटी

संगणकाच्या इतिहासावर मराठीत जे थोडंफार लिहिलं जातं, त्यात नेटबुकच्या वाट्याला एखादा परिच्छेदही येत नाही. स्वस्त, मंद आणि अल्पायुषी एवढं म्हणून लोक थेट टॅब्लेटकडे वळतात. २००७ ते २०१२ अशी पाच-सहा वर्षंच ही चिमुकली यंत्रं बाजारात होती, हे खरं. पण देवनागरीत लिहिणाऱ्याच्या बाजूने पाहिलं, तर त्या पाच-सहा वर्षांत एक मोठी विचित्र गोष्ट घडली. ती कुणी मांडलेली माझ्या तरी वाचनात आलेली नाही, म्हणून हा खटाटोप.

या यंत्रांचा जन्म एका स्वप्नातून झाला म्हटलं तरी चालेल. एमआयटीच्या निकोलस नेग्रोपाँटी यांनी २००५ साली शंभर डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना मांडली. गरीब देशांतल्या प्रत्येक मुलाच्या हाती एक. आपल्या केंद्र सरकारच्या शिक्षण खात्याने २००६ मध्ये तिला चक्क नकार दिला. तरीही २००७ च्या पावसाळ्यानंतर ही हिरवी-पांढरी यंत्रं भारतात पहिल्यांदा आली ती कुठे, तर रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळच्या खैराट नावाच्या वाडीत. एकशिक्षकी मराठी शाळा, वीसेक मुलं. दिल्ली-बंगळूर सोडून सह्याद्रीच्या पायथ्याशी हा प्रयोग झाला, याचं मला अजून कौतुक वाटतं. शंभर डॉलरचं गणित मात्र कधीच जमलं नाही, किंमत दोनशेच्या घरात गेली.

पण एवढ्या लहान आणि एवढ्या स्वस्त यंत्राला गिऱ्हाईक मिळेल, ही गोष्ट व्यापाऱ्यांच्या नजरेतून सुटली नाही. तैवानच्या असुस कंपनीने जून २००७ मध्ये 'ई पीसी' दाखवला आणि ऑक्टोबरमध्ये तो विकायला काढला. सात इंची पडदा, वजन किलोभराच्या आत, ५१२ एमबी मेमरी आणि फिरत्या हार्ड डिस्कऐवजी ४ जीबीची चिप. अमेरिकेत किंमत ३९९ डॉलर. आत विंडोज नव्हतं, झँड्रॉस नावाचं लिनक्स होतं. नसण्याचं कारण साधं. त्याच वर्षी जानेवारीत विंडोज व्हिस्टा बाजारात आलं होतं आणि त्याला बसायलाच १५ जीबी मोकळी जागा लागत होती. चार जीबीच्या खोलीत हा पाहुणा मावणार कुठे?

मायक्रोसॉफ्टची पंचाईत झाली ती इथे. २००१ चं एक्सपी ३० जून २००८ ला दुकानांतून निवृत्त व्हायचं होतं. ते गेलं असतं तर छोट्या यंत्रांचा सगळा बाजार लिनक्सच्या हाती गेला असता. शेवटी ३ एप्रिल २००८ ला कंपनीने जाहीर केलं, की अतिस्वस्त संगणकांपुरतं एक्सपी होम चालू ठेवू. अट अशी, की पडदा अमुक इंचांपेक्षा मोठा नको आणि मेमरी एक जीबीपेक्षा जास्त नको. त्या काळात कुठल्याही कंपनीचं नेटबुक घ्या, मेमरी एक जीबीच असायची, ती या अटीमुळे. त्याच सुमारास इंटेलची ॲटम चिप आली आणि २००९ पर्यंत दहा इंची पडदा, ॲटम, एक जीबी आणि एक्सपी असा एकच साचा पडला. वेष्टणावरचं नाव तेवढं वेगळं.

म्हणजे २००८-०९ मध्ये कोऱ्या यंत्रावर सात-आठ वर्षांपूर्वीची प्रणाली. जगभरच्या लोकांना याचा आनंदच झाला, कारण व्हिस्टाला सगळे कंटाळले होते. आपल्यासाठी मात्र गोष्ट वेगळी होती.

विंडोजमध्ये देवनागरी पहिल्यांदा नीट आली ती विंडोज २००० मध्ये, 'मंगल' या फाँटसह. एक्सपीतही ती होती, पण झाकलेली. कंट्रोल पॅनेलमध्ये भाषांच्या पानावर एक चौकोन असायचा. गुंतागुंतीच्या लिप्यांसाठीच्या फाइली बसवायच्या का, असा काहीसा प्रश्न त्यापुढे. त्यावर टिचकी मारली की यंत्र म्हणे, विंडोजची सीडी घाला. तोपर्यंत काय दिसे? अक्षरं दिसत, पण ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती पळून पलीकडे जाऊन बसे. जोडाक्षरं सुटून पाय मोडलेल्या अवस्थेत रांगेत उभी राहत. २००३ मध्ये सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर, पुढे मनोगत-उपक्रमसारख्या संकेतस्थळांवर नव्याने येणाऱ्यांना हा अनुभव हमखास यायचा. 'तुमचं शुद्धलेखन फार वाईट आहे' असं सांगणारे वाचक मला भेटले आहेत. त्यांच्या यंत्रात तो चौकोन रिकामा होता, एवढंच.

व्हिस्टात हा चौकोनच काढून टाकला. देवनागरी पहिल्या दिवसापासून आपोआप दिसू लागली. म्हणजे आपल्या लिपीच्या दृष्टीने व्हिस्टा ही खरोखरची बढती होती, आणि ती परवडणाऱ्या यंत्रावर चालत नव्हती. जे यंत्र खेड्यातल्या शिक्षकाच्या, निवृत्त कारकुनाच्या, नाटकाच्या संहिता लिहिणाऱ्याच्या खिशाला परवडत होतं, त्यावर मराठी हा सीडी घालून बसवायचा जास्तीचा भाग होता. आणि नेटबुक जिच्यामुळे एवढं हलकं झालं, ती गोष्ट म्हणजे त्यात सीडीची खोबणच नव्हती!

मी २००९ च्या सुरुवातीला असं एक दहा इंची यंत्र घेतलं. पणजीच्या दुकानात विचारलं, देवनागरी कशी सुरू करायची? दुकानातल्या मुलाने तो चौकोन टिचकावला, संदेश वाचला आणि मलाच विचारलं, "सर, सीडी आसा तुमचेकडेन?" यंत्रासोबत सीडी आलीच नव्हती. आली असती तरी घालायची कुठे? शेवटी एका मित्राच्या टेबलावरच्या संगणकातून 'आय-३८६' नावाचा फोल्डर पेनड्राइव्हवर घेतला आणि यंत्राला सांगितलं, सीडी म्हणून मागतोस ती हीच समज. चालला तो उपाय. त्यानंतर तो पेनड्राइव्ह वर्षभर म्हापसा-फोंडा-मडगाव असा फिरत होता. कुणाच्या ना कुणाच्या घरी नवं नेटबुक यायचं आणि फोन यायचा, "तो देवनागरीचा पेनड्राइव्ह तुझ्याकडे आहे ना?"

इथे गोव्यातली एक मौज सांगायला हवी. लिपीवरून आपल्याकडे किती वाद झाले, अजूनही होतात, ते वाचकांना सांगायला नको. १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोकणी म्हणजे देवनागरी कोकणी, आणि मराठीच्या वापराचीही तरतूद. पण नेटबुकपुढे मराठीवाला आणि देवनागरी कोकणीवाला एकाच बाकावर येऊन बसले, दोघांचीही वेलांटी पळालेली. रोमी लिपीत लिहिणारे मित्र पहिल्या दिवसापासून सुखाने टंकत होते. लिपीच्या वादात त्यांची बाजू कमकुवत असेल-नसेल, यंत्र त्यांच्या बाजूने होतं. हे काही आजचं नाही म्हणा. गोव्यात छापखाना आला १५५६ साली, आणि फादर स्टीफन्सचं 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं तेव्हा मराठी ओव्या रोमी अक्षरांत छापाव्या लागल्या, कारण देवनागरीचे खिळे इथे नव्हते. यंत्र आधी येतं, आपली अक्षरं मागाहून. असो.

लिनक्सवाल्यांची बाजूही सांगितली पाहिजे. २००८ मध्ये उबुंटूची नेटबुकसाठी खास आवृत्ती निघाली. लिनक्सवर 'लोहित' फाँट असला की देवनागरी सीडीवाचून दिसायची, वेलांटीही जागेवर. पण टंकायला इनस्क्रिप्ट कळफलक, आणि आमच्या पिढीची बोटं 'बरहा' किंवा 'गमभन'वर रोमी कळांनी मराठी लिहिण्याला सरावलेली. शिवाय गावात कुणाला येत नव्हतं, म्हणजे अडलं तर विचारायचं कुणाला? चांगली असूनही ती वाट फार थोड्यांनी धरली.

मग २२ ऑक्टोबर २००९ ला विंडोज ७ आलं आणि वर्षभरात एक्सपीवाली नेटबुक बाजारातून उठली. नव्या नेटबुकवर 'स्टार्टर' नावाची स्वस्त आवृत्ती यायची. तिच्यावर जगभर टीका झाली ती पडद्यामागचं चित्र बदलता येत नाही म्हणून. मला त्या तक्रारीचं हसू यायचं. चित्र कुठलंही असेना, मंगलच्या जोडीला कोकिळा, अपराजिता, उत्साह असे देवनागरी फाँट आयते मिळत होते! छोट्या यंत्रावर मराठी आपल्या हक्काने बसली ती तेव्हा.

जुन्या यंत्रावर मात्र ही बढती सरळ होत नव्हती. एक्सपीवरून थेट विंडोज ७ वर जाण्याची सोयच कंपनीने ठेवली नव्हती. सगळं बाजूला काढायचं, पेनड्राइव्हवरून नवी प्रणाली कोरी बसवायची आणि मग एकेक वस्तू परत आणायची. माझ्या ओळखीच्या बऱ्याच जणांनी हे केलं. मी नाही केलं. आळस हे कारण नव्हतं. आमच्या गावच्या नाट्यमंडळाची १९९८ ची स्मरणिका माझ्याकडे होती, हे कारण.

युनिकोड रुळण्याआधी डीटीपीच्या दुकानांत मराठी टंकली जायची ती निराळ्याच तऱ्हेने. यंत्राच्या लेखी ती इंग्रजी अक्षरंच. वर फाँटचा मुखवटा चढवला की मराठी दिसायची. मुखवटा गेला की खाली कंस, टिंबं, तिरप्या रेघा यांचा ढीग. प्रत्येक कंपनीचा मुखवटा वेगळा, एकाचा दुसऱ्याला लागत नाही. सॉफ्टवेअर चालायला मागे एक 'लॉक' खोचावं लागे, आणि ते ज्या रुंद पोर्टमध्ये बसायचं तो पोर्ट नेटबुकला नाही. आमची स्मरणिका पेजमेकरमध्ये अशाच एका फाँटने लावलेली. जत्रेतल्या नाटकांची जुनी यादी, कुणी कुठल्या साली कुठली भूमिका केली, पडदे कुणी रंगवले, पेटीवर कोण होतं. ही माहिती देणारी बहुतेक माणसं आता हयात नाहीत. छापील प्रती चतुर्थीच्या साफसफाईत आणि वाळवीत गेल्या. ते पेजमेकर विंडोज ७ वर चालेल अशी खात्री कुणी देईना, आणि एक्सपीवर ते चालत होतं. ज्या प्रणालीत माझी आजची मराठी पेनड्राइव्हच्या भीकेवर जगत होती, त्याच प्रणालीत कालची मराठी सुखरूप होती.

पुढचं थोडक्यात. जानेवारी २०१० मध्ये आयपॅड दाखवताना स्टीव्ह जॉब्झ यांनी नेटबुकची जाहीर खिल्ली उडवली. २०१३ उजाडेपर्यंत असुस आणि एसर यांनी ती बनवणं थांबवलं. ८ एप्रिल २०१४ ला एक्सपीचा आधार संपला. ॲटमवरच्या थोड्या नंतरच्या यंत्रांची गत तर आणखी गमतीची झाली. ती विंडोज १० पर्यंत पोचली, पण २०१७ मध्ये त्यांतल्या एका पिढीला सांगण्यात आलं, की पुढची आवृत्ती तुम्हाला नाही. विंडोज १० चाही नेहमीचा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. जुन्या यंत्रांचं माहेर म्हणून ओळखलं जाणारं डेबियन लिनक्स उरलं होतं. ऑगस्ट २०२५ च्या तेराव्या आवृत्तीत त्यांनीही ३२ बिटांच्या यंत्रांवर नव्याने बसवण्याची सोय काढून टाकली. सुरुवातीच्या नेटबुकमधली ॲटम ३२ बिटांचीच.

माझं यंत्र अजून आहे. बॅटरी केव्हाच गेली, वायर लावूनच चालतं, त्यामुळे पावसात वीज गेली की काम तिथेच थांबतं. आंतरजालाला ते जोडत नाही. त्यावर फक्त स्मरणिका उघडतो. मजकूर युनिकोडमध्ये बदलणारी साधनं वापरून पाहिली, पण आमच्या फाँटमधला रफार आणि 'श्र' हमखास चुकतो. आणि नावांच्या यादीत तेवढी एक चूक म्हणजे कुळंच बदलणं! म्हणून एक पान त्या दहा इंची पडद्यावर उघडायचं आणि शेजारच्या संगणकावर हाताने टंकायचं, असं चाललंय. बेचाळीस पानांपैकी सव्वीस झाली. भूमिकांच्या याद्या संपल्या, आता पडदे रंगवणाऱ्यांपाशी आलो आहे.