माउंटन बाइकच्या चिमट्याचे अवमंदन

माउंटन बाइकच्या चिमट्याचे अवमंदन म्हणजे पुढील चाकावरील चिमट्यातील स्प्रिंग दबताना आणि पुन्हा उसळताना तिच्या हालचालीला तेलाच्या साहाय्याने घातलेला आवर होय. सायकलस्वारांच्या व दुकानदारांच्या बोलण्यात यास 'डॅम्पिंग' म्हणतात. 'अवमंदन' हा भौतिकशास्त्रातील रूढ पारिभाषिक शब्द आहे. शाळेत शिकविल्या जाणाऱ्या अवमंदित दोलनाचे हे एक प्रत्यक्ष उदाहरण ठरते. अवमंदनाची योग्य जुळवणी केल्यास खडबडीत वाटेवर चाक जमिनीला धरून राहते, हातांना बसणारे हिसके कमी होतात आणि उतारावर सायकल ताब्यात राहते.

पार्श्वभूमी

माउंटन बाइकचा उगम १९७० च्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या मरिन परगण्यात झाला. त्या सायकलींचे चिमटे ताठ, म्हणजे स्प्रिंगविरहित होते. पॉल टर्नर यांनी स्थापन केलेल्या रॉकशॉक्स या कंपनीचा आरएस-१ हा हवा आणि तेलावर चालणारा चिमटा १९८९-९० च्या सुमारास पुढे आला. १९९० मध्ये कोलोरॅडोतील ड्युरँगो येथे झालेल्या पहिल्या जागतिक माउंटन बाइक अजिंक्यपद स्पर्धेत ग्रेग हर्बोल्ड यांनी असाच चिमटा लावलेल्या सायकलवर उतार-शर्यत जिंकली. तेव्हापासून अशा चिमट्यांचा प्रसार वेगाने झाला. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा क्रीडाप्रकार समाविष्ट झाला.

भारतीय खेड्यांत दीर्घकाळ वापरली गेलेली २८ इंची चाकांची काळी सायकलही अगदीच निष्ठुर नव्हती. तिचा पुढे झुकलेला, बाकदार पोलादी चिमटा आणि मोठे चाक लहानसहान धक्के मुकाट्याने पचवीत असे. मात्र तो लवचिकपणा धातूचा होता. त्यात जुळवणीला वाव नव्हता.

कार्यपद्धती

चिमट्याला दोन पाय असतात. सामान्यतः एका पायात स्प्रिंग असते (ती पोलादी गुंडाळीची किंवा कोंडलेल्या हवेची), तर दुसऱ्या पायात तेल, दट्ट्या आणि झडपा यांचा अवमंदक असतो. चाक दगडावर आदळले की स्प्रिंग दबून ऊर्जा साठविते. ही ऊर्जा नाहीशी होत नाही. आवर नसेल तर स्प्रिंग तेवढ्याच जोराने उसळते आणि सायकलचे तोंड वरखाली डोलत राहते. अवमंदकातील दट्ट्या तेलाला अरुंद छिद्रांतून जाण्यास भाग पाडतो. त्या घर्षणात ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर होऊन डोलणे थांबते.

स्प्रिंगचा विरोध ती किती दबली यावर अवलंबून असतो, तर अवमंदकाचा विरोध ती किती वेगाने हलते यावर. सर्व जुळवणीचे मर्म या एका भेदात आहे. 'मंदगती' आणि 'शीघ्रगती' अवमंदन असे शब्द वापरले जातात तेव्हा तो वेग दट्ट्याचा असतो, सायकलचा नव्हे. सावकाश चाललेल्या सायकलचे चाक धारदार दगडावर आदळले तरी दट्ट्याची हालचाल शीघ्रच असते. उलट भरधाव सायकलवर ब्रेक दाबल्याने तोंड खाली झुकते ती हालचाल मंद असते.

दबतानाच्या अवमंदनाला 'कम्प्रेशन' आणि उसळतानाच्या अवमंदनाला 'रिबाउंड' म्हणतात. अनेक चिमट्यांवर रिबाउंडची कळ लाल, तर कम्प्रेशनची निळी असते.

बाजारातील 'शॉकअप'

स्वस्त सायकलींच्या चिमट्यांत बहुधा अवमंदक नसतोच. आत एक पोलादी स्प्रिंग आणि कधी रबरी ठोकळा असतो, आणि आवर घालण्याचे काम नळ्यांच्या आपसांतील घर्षणावर सोडलेले असते. अशा चिमट्यावरील फिरकी ही अवमंदनाची कळ नसून स्प्रिंगवरील आरंभीचा ताण कमीजास्त करण्यासाठी असते. ती कितीही फिरविली तरी उसळी कमी होत नाही. गिऱ्हाइकाला मात्र ही फिरकी 'शॉकअप सेट करण्याची' म्हणून दाखविली जाते. डांबरी रस्त्यावर हा फरक फारसा जाणवत नाही. घाटाच्या उतारावर लागोपाठ खड्डे आले असता असा चिमटा चाकाला जमिनीवरून उचलून देतो, आणि हवेतील चाकाला ना ब्रेक लागतो ना वळण घेता येते. त्यामुळे मर्यादित खर्चात सायकल घेणाऱ्यास असल्या चिमट्यापेक्षा ताठ चिमटा आणि रुंद टायर अधिक भरवशाचे ठरतात.

खरेदीपूर्वी एक साधी परीक्षा करता येते. चिमटा पूर्ण दाबून एकदम सोडावा. तो 'टक्' असा आवाज करीत क्षणात वर आला आणि रिबाउंडची कळ कोठेही आढळली नाही, तर आत तेलाचा अवमंदक नाही असे समजण्यास हरकत नाही.

जुळवणी

अवमंदनाला हात लावण्यापूर्वी स्प्रिंग ठरवावी लागते. स्वार नेहमीच्या सामानासह सायकलवर बसला असता चिमटा एकूण चालीच्या १५ ते २५ टक्के दबावा. यास 'सॅग' म्हणतात. १०० मिलिमीटर चालीच्या चिमट्यात हे अंतर १५ ते २५ मिलिमीटर येते. नळीवरील रबरी कडे खाली सरकवून, अलगद बसून व उतरून ते मोजता येते.

त्यानंतर रिबाउंड. कळ घड्याळाच्या दिशेने पूर्ण बंद करून तेथून 'टिक' मोजत उघडावी आणि मधल्या स्थानापासून आरंभ करावा. पदपथाच्या कडेवरून उतरल्यावर चिमटा एकदा दबून, एकदाच वर येऊन स्थिरावला पाहिजे. पुन्हापुन्हा उसळत असेल तर रिबाउंड मंद करावा. याउलट तो फार मंद असेल तर लागोपाठच्या धक्क्यांत चिमट्याला वर येण्यास सवड मिळत नाही. प्रत्येक धक्क्यागणिक तो अधिकाधिक आखडत जातो आणि अखेरीस दगडासारखा कडक भासतो. हा दोष फसवा आहे, कारण चिमटा कडक वाटल्याने स्वार हवा कमी करतो आणि मूळ दोष तसाच राहून चिमटा तळाला आपटू लागतो.

स्वाराच्या वजनाप्रमाणे अवमंदनही बदलावे लागते. सॅगचे प्रमाण तेच ठेवले तर ६० किलोच्या स्वारापेक्षा ९० किलोच्या स्वारास दीडपट ताठ स्प्रिंग लागते, आणि डोलणे तितकेच आवरण्यासाठी अवमंदनही सुमारे दीडपट लागते. म्हणून मित्राच्या सायकलवरील आकडे उतरवून घेण्यात अर्थ नसतो.

कम्प्रेशनची कळ सर्वांत शेवटी हाताळावी. ब्रेक दाबताच तोंड फार झुकत असेल तर मंदगती कम्प्रेशन वाढवितात. हात बधिर होत असतील तर कमी करतात. एका वेळी एकच कळ, तीही एकदोन टिक फिरवून त्याच वाटेवर पुन्हा जाणे हीच खरी पद्धत होय.

वऱ्हाडातील वाटा आणि हवामान

अमरावती व अकोला जिल्ह्यांत दोन अगदी भिन्न प्रकारची भूमी आढळते. उत्तरेस सातपुड्याच्या गाविलगड रांगा, तर मध्ये पूर्णेच्या खोऱ्यातील काळी जमीन. पावसाळ्यानंतर पांदणरस्त्यावरील बैलगाडीची चाकोरी वाळून टणक होते, उन्हाळ्यात शेतांना भेगा पडतात. अशा वाटेवर लहान, लागोपाठचे धक्के बसतात आणि जलद रिबाउंड उपयोगी पडतो. परतवाड्याहून घटांगमार्गे चिखलदऱ्याकडे जाणाऱ्या घाटात मात्र उतारावर वळणे आणि ब्रेक यांचा प्रश्न मोठा असल्याने थोडे अधिक मंदगती कम्प्रेशन सोयीचे ठरते. मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्रातील जंगलवाटांवर वनखात्याच्या परवानगीवाचून सायकल नेता येत नाही.

तपमानाचा परिणाम येथे विशेष ध्यानात घ्यावा लागतो. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंश सेल्सियसच्या आसपास जातो. जानेवारीतील पहाटे १५ अंशांवर ८० पीएसआय हवा भरलेल्या चिमट्यात, गळती झाली नाही असे धरल्यास, ४५ अंशांवर दाब सुमारे १० पीएसआयने वाढतो. त्याच वेळी तेल पातळ होऊन अवमंदन घटते. म्हणजे स्प्रिंग ताठ आणि आवर सैल, असे दोन्ही बदल एकाच दिशेने होतात आणि हिवाळ्यात उत्तम जुळलेला चिमटा उन्हाळ्यात उसळ्या मारू लागतो. उपाय सोपा आहे: सावलीत हवा पुन्हा मोजून कमी करावी आणि रिबाउंड एकदोन टिक मंद करावा. चिखलदऱ्याच्या सुमारे १,१०० मीटर उंचीची मात्र चिंता नको. वर जाताना बाहेरील हवेचा दाब सुमारे १ पीएसआयने घटतो, पण गारव्याने आतील दाबही जवळजवळ तितकाच उतरतो.

निगा

काळ्या मातीची बारीक धूळ रबरी सीलजवळ साचून नळ्यांवर चरे पाडते. प्रत्येक फेरीनंतर नळ्या मऊ फडक्याने पुसाव्यात. मोटर धुण्याच्या जोरदार फवाऱ्याने चिमटा धुऊ नये, कारण पाणी सीलमधून आत शिरते. अनेक उत्पादक सुमारे ५० तासांच्या वापरानंतर खालच्या नळ्या उघडून साफ करण्याची, तर १०० ते २०० तासांनंतर अवमंदकातील तेल बदलण्याची शिफारस करतात. तेल उत्पादकाने सांगितलेल्या जाडीचेच असावे. पावसाळ्यात टायर व चिमटा यांच्यामध्ये चिखलाचा लगदा अडकून चाकच थांबते. त्यावर अवमंदनाची कोणतीही जुळवणी उपयोगी पडत नाही.