अल्प रकमेची ऑनलाइन शेअर गुंतवणूक

नोंदणीकृत दलालाच्या संकेतस्थळावरून किंवा मोबाइल अ‍ॅपवरून, शेअर बाजारात सूचिबद्ध असलेल्या कंपन्यांचे शेअर थोड्या थोड्या रकमेने विकत घेऊन ते स्वतःच्या डीमॅट खात्यात ठेवणे. भारतात रोखीच्या बाजारात एक शेअरही घेता येतो, त्यामुळे शे-पाचशे रुपयांतही सुरुवात होऊ शकते. सूचिबद्ध शेअरचा अंश मात्र घेता येत नाही. जून २०२३ मध्ये एमआरएफच्या एका शेअरचा भाव लाख रुपयांच्या वर गेला होता. असे शेअर लहान गुंतवणूकदाराच्या आवाक्याबाहेर राहतात.

पार्श्वभूमी : मुंबईत टाउन हॉलजवळच्या वडाच्या झाडांखाली जमणाऱ्या दलालांनी १८७५ मध्ये आपली संघटना स्थापन केली. तोच पुढचा मुंबई शेअर बाजार. तेथे सौदे आरडाओरडा आणि हातवारे यांच्या आधारे होत व शेअर कागदी प्रमाणपत्रांच्या रूपात हाती येत. हस्तांतराच्या अर्जावरील सही जुळली नाही, तर कागद ‘बॅड डिलिव्हरी’ म्हणून परत येई. व्यवहार ठराविक लॉटमध्ये, बहुधा ५० किंवा १०० शेअरच्या पटीत होत. त्याहून कमी शेअर असलेल्याला ते पडत्या भावात विकावे लागत. थोडा पैसा असलेल्या माणसाला बाजाराबाहेर ठेवणारी खरी भिंत ही लॉटची होती.

१९९२ च्या रोखे घोटाळ्यानंतर सुधारणांना वेग आला. रोखे बाजाराची नियामक संस्था सेबी हिला त्याच वर्षी वैधानिक अधिकार मिळाले. राष्ट्रीय शेअर बाजारात १९९४ मध्ये संगणकाच्या पडद्यावरून सौदे सुरू झाले. १९९६ च्या डिपॉझिटरी कायद्याने शेअर कागदाऐवजी संगणकीय नोंदीच्या रूपात ठेवता येऊ लागले. अशा नोंदी ठेवणाऱ्या डिपॉझिटरींपैकी एनएसडीएल १९९६ मध्ये आणि सीडीएसएल १९९९ मध्ये कार्यरत झाली. डीमॅटमुळे व्यवहाराचे किमान एकक एका शेअरवर आले. २००० मध्ये सेबीने इंटरनेटवरून सौदे करण्यास मुभा दिली. २७ जानेवारी २०२३ पासून सर्व शेअरचे सौदे पुढच्या कामकाजाच्या दिवशी पुरे होतात.

खाती : बँक खात्यातून पैसे येतात, ट्रेडिंग खात्यातून सौदा होतो आणि डीमॅट खात्यात शेअर जमा होतात. पॅन, आधारशी जोडलेला मोबाइल क्रमांक, बँकेचा तपशील व सही एवढ्यावर ओळखीची पडताळणी (केवायसी) घरबसल्या होते. दलालाचा नोंदणी क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावर आधी पडताळावा. नॉमिनीचे नाव खाते उघडतानाच नोंदवावे. फ्युचर्स आणि ऑप्शन्स या जोखमीच्या सौद्यांची सोय हवी का, हे त्याच अर्जात विचारले जाते; नवख्याने ती नाकारावी.

खरेदी : बाजार सकाळी ९:१५ ते दुपारी ३:३० या वेळात चालतो. अ‍ॅपच्या खरेदीच्या पडद्यावर दोन निवडी नीट पाहाव्या लागतात. पहिली डिलिव्हरी की इंट्राडे. डिलिव्हरीत शेअर आपल्या खात्यात येतात. इंट्राडेत सौदा त्याच दिवशी मिटवावा लागतो. दुसरी मार्केट की लिमिट. मार्केट ऑर्डरमध्ये त्या क्षणी मिळेल तो भाव लागतो, तर लिमिटमध्ये आपण घातलेल्या भावापेक्षा महाग खरेदी होत नाही. ज्या शेअरमध्ये उलाढाल कमी, तेथे लिमिट ऑर्डरच द्यावी. सौद्यानंतर ई-मेलवर येणारी काँट्रॅक्ट नोट जपून ठेवावी. भाव, दलाली व कर यांचा हिशेब तिच्यात असतो.

खर्च : लहान रकमेच्या गुंतवणुकीत हा सर्वांत महत्त्वाचा भाग. समजा, १,००० रुपयांचा शेअर घेतला आणि १,१०० रुपयांना विकला. प्रत्येक सौद्याला २० रुपये दलाली व विक्रीच्या वेळी डीमॅट खात्यातून शेअर काढण्याचे १५ रुपये डीपी शुल्क धरले, तर ५५ रुपये होतात. त्यावर १८ टक्के जीएसटीचे ९ रुपये ९० पैसे. दोन्ही वेळच्या ०.१ टक्का रोखे व्यवहार कराचे सुमारे २ रुपये आणि मुद्रांक शुल्काचे १५ पैसे. शंभर रुपयांच्या नफ्यातले सुमारे ६७ रुपये असे निघून जातात. डिलिव्हरीवर दलाली न घेणाऱ्या दलालाकडे हाच खर्च २० रुपयांच्या आसपास राहतो. म्हणून दलाल निवडताना दलाली, डीपी शुल्क व वार्षिक देखभाल शुल्क या तिन्हींची चौकशी करावी. पात्र व्यक्तीला मूलभूत सेवा डीमॅट खाते मिळते. सप्टेंबर २०२४ पासून त्यात ४ लाखांपर्यंतच्या शेअरसाठी देखभाल शुल्क नाही. वारंवार खरेदी-विक्री टाळणे हा खर्च वाचवण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे.

कर : २३ जुलै २०२४ पासून, बारा महिन्यांच्या आत विकलेल्या शेअरच्या नफ्यावर २० टक्के कर लागतो. त्याहून अधिक काळ ठेवल्यास वर्षाला १.२५ लाखांपलीकडच्या नफ्यावर १२.५ टक्के. लाभांश उत्पन्नात धरला जातो.

निवड व जोखीम : थोड्या पैशांत अनेक कंपन्यांचे शेअर घेणे शक्य नसते. त्यावर उपाय म्हणजे निर्देशांकावर आधारित ईटीएफ, म्हणजे शेअरसारखा बाजारात विकत घेता येणारा फंड. निफ्टी बीज हा भारतातला असा पहिला ईटीएफ २००२ च्या आरंभी सूचिबद्ध झाला. त्याच्या एका युनिटमधून राष्ट्रीय शेअर बाजाराच्या निफ्टी या निर्देशांकातल्या पन्नासही कंपन्यांत वाटा मिळतो. भाव कमी म्हणजे शेअर स्वस्त, हा समज चुकीचा आहे. पाच रुपयांचा शेअर एका रुपयावर येऊ शकतो.

सेबीच्या जुलै २०२४ च्या अभ्यासानुसार २०२२–२३ मध्ये इंट्राडे करणाऱ्या दहा व्यक्तींपैकी सात तोट्यात होत्या. सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासात, आधीच्या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये ९३ टक्के वैयक्तिक गुंतवणूकदारांनी पैसा गमावल्याचे दिसले. व्हॉट्सअ‍ॅप व टेलिग्रामवरच्या टिप्स, खात्रीशीर परताव्याची आश्वासने आणि खऱ्यासारखी दिसणारी बनावट अ‍ॅप यांतूनही फसवणूक होते.

संरक्षण : शेअर दलालाच्या नव्हे, डिपॉझिटरीच्या नोंदीत गुंतवणूकदाराच्या नावावर असतात. तरीही २०१९ मध्ये कार्वी स्टॉक ब्रोकिंगने ग्राहकांचे शेअर परस्पर तारण ठेवल्याचे उघड झाले आणि त्यानंतर नियम कडक झाले. आज सीडीएसएलच्या खात्यातले शेअर विकताना सहसा टीपिन हा गुप्त क्रमांक व ओटीपी द्यावा लागतो. डिपॉझिटरीकडून येणारे एसएमएस व एकत्रित विवरणपत्र यांवर नजर ठेवावी. तक्रार आधी दलालाकडे आणि दाद न लागल्यास सेबीच्या स्कोअर्स या ऑनलाइन यंत्रणेकडे करता येते.

कायदा शेअरच्या मालकीचे रक्षण करतो, भावाचे नाही. म्हणून अडीअडचणीची तरतूद बँकेत ठेवून, पाच-सात वर्षे हात लावावा लागणार नाही एवढीच रक्कम शेअरमध्ये घालावी आणि कर्ज काढून शेअर कधीही घेऊ नयेत.