रक्तातला विळा आणि साखरेचा रिपोर्ट

काचपट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, त्यात सोडियम मेटाबायसल्फाइटचं द्रावण मिसळायचं, वर झाकणकाच ठेवून कडा बंद करायच्या आणि थांबायचं. आतला प्राणवायू संपत गेला की सूक्ष्मदर्शकाखाली गोल गरगरीत तांबड्या पेशी लांबट, टोकदार, विळ्यासारख्या व्हायला लागतात. १९५०च्या दशकात सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार असा ओळखत. १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये तो सापडला, आणि १९५८ मध्ये शुक्ला आणि सोलंकी यांनी मध्य भारतातही तो असल्याचं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातून जगाला कळवलं.

पुढे विदर्भाला हा शब्द परका राहिला नाही. नागपूरच्या ‘मेडिकल’ आणि ‘मेयो’ या रुग्णालयांपासून गडचिरोलीच्या गावांपर्यंत ‘एएस’ आणि ‘एसएस’ ही अक्षरं लोकांच्या तोंडी आली. एसएस म्हणजे रुग्ण: दोन्ही जनुकं सदोष. एएस म्हणजे वाहक: एक जनुक धड, एक सदोष. वाहकाला सहसा त्रास नसतो, म्हणून त्याचा विषय निघतो तो लग्न जुळवताना. मधुमेहाच्या तपासणीतही तो निघायलाच हवा.

याचं एक कारण मूत्रपिंड. १९१० मध्ये शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी हा आजार पहिल्यांदा नोंदवला, तेव्हाच रोग्याला लघवी जास्त आणि पातळ होते, हे त्यांनी टिपून ठेवलं होतं. मूत्रपिंडाच्या गाभ्यात प्राणवायू मुळातच कमी, क्षार आणि आम्लता जास्त. काचपट्टीवर घडतं तेच तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांत घडतं, वाहकाच्याही. पेशी अडकतात, लघवी घट्ट करायची ताकद घटते, कधी लघवीतून रक्त जातं. मधुमेह असेल, तर मूत्रपिंडाच्या गाळण्यांवर साखरेचा मारा वेगळाच.

अमेरिकेतल्या सुमारे १६ हजार कृष्णवर्णीयांच्या नोंदी २०१४ मध्ये एकत्र तपासल्या, तेव्हा वाहकांत जुनाट मूत्रपिंडविकार जास्त आढळला. २०१७ मध्ये दुसरी बाब पुढे आली: रक्तातली साखर तेवढीच असूनही वाहकाचा एचबीएवनसी सुमारे ०.३ टक्केबिंदूंनी कमी येतो. म्हणजे ज्या आकड्यावर ‘तीन महिन्यांची साखर’ ठरते, तोच खोटा दिलासा देऊ शकतो. विदर्भातल्या सिकलसेलची जनुकीय ठेवण वेगळी, रुग्णांच्या रक्तात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिनही जास्त. म्हणून ते आकडे इथे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. प्रश्न मात्र लागू आहे.

आणि मूत्रपिंडाचं नशीब ठरवणारं जनुक हे एकच नाही. १९८९ मध्ये मिनेसोटात मधुमेही भावंडं तपासली गेली. एकाचं मूत्रपिंड बिघडलेलं असेल, तर दुसऱ्यातही तशी लक्षणं ८३ टक्क्यांत दिसली. पहिल्याचं शाबूत असेल तर १७ टक्क्यांत.

सिकलसेलचा कागद कपाटात आणि साखरेची फाइल वेगळ्या पिशवीत, असं अनेक घरांत असतं. दोन्ही एकाच पिशवीत दवाखान्यात नेले, तर डॉक्टरांना ‘एएस’ दिसेल, आणि एचबीएवनसीच्या जोडीला उपाशीपोटीची साखर आणि लघवीतलं अल्ब्युमिनही ते पाहतील.