हिप-हॉपच्या ठेक्यावर लुव्रचा डिजिटल खजिना

संग्रहालय म्हटले की शांतता, मंद प्रकाश आणि 'हात लावू नये' ही पाटी डोळ्यांसमोर येते. हिप-हॉपचा दणदणीत ठेका या वातावरणाशी विसंगत वाटणे स्वाभाविक आहे. मात्र पॅरिसच्या लुव्र संग्रहालयात या दोहोंची गाठ पडली आणि जुन्या चित्रांकडे पाहण्याची एक नवी वाट रसिकांना गवसली.

बियॉन्से आणि जे-झी या दाम्पत्याने 'द कार्टर्स' या नावाने जून २०१८मध्ये 'एव्हरीथिंग इज लव्ह' हा अल्बम प्रसिद्ध केला. त्यातील 'एपशिट' या गाण्याची सुमारे सहा मिनिटांची चित्रफीत लुव्रमध्येच चित्रित झाली होती. 'मोनालिसा', 'व्हीनस दि मिलो', सामोथ्रेसची पंख असलेली विजयदेवता अशा कलाकृती तीत दिसतात. चित्रफितीची लोकप्रियता पाहून लुव्रने तीतील १७ कलाकृतींचा दीड तासाचा फेरफटकाच आखून दिला. त्या वर्षी संग्रहालयाला १ कोटी २ लाख प्रेक्षकांनी भेट दिली. तोवरचा हा उच्चांक होता.

'सॅम्पलिंग'चे सूत्र

हिप-हॉपचा जन्म न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातला. ११ ऑगस्ट १९७३ रोजी डीजे कूल हर्कने तेथे वाजवलेली पार्टी ही त्याची सुरुवात मानली जाते. जुन्या तबकड्यांतील नेमका तुकडा उचलायचा, तो पुन्हा पुन्हा वाजवायचा आणि त्यातून नवे काही उभे करायचे, ही या संगीताची रीत. तिलाच पुढे 'सॅम्पलिंग'चे रूप आले. डिजिटल संग्रह पाहतानाही हीच रीत उपयोगी पडते. लुव्रने मार्च २०२१मध्ये ४ लाख ८० हजारांहून अधिक कलाकृतींच्या नोंदी इंटरनेटवर विनामूल्य खुल्या केल्या. एवढ्या ढिगाऱ्यात शिरायचे कोठून, हा प्रश्न सामान्य रसिकाला पडतोच. परिचित गाण्यातील एखादे दृश्य हे त्याचे सोपे प्रवेशद्वार ठरते.

चित्रामागचा इतिहास

बियॉन्से आणि कृष्णवर्णीय नर्तिका हातात हात घालून ज्या भव्य चित्रासमोर नाचतात, ते झाक-लुई दाव्हिदने रंगवलेले नेपोलियनच्या राज्याभिषेकाचे चित्र आहे. जवळपास दहा मीटर रुंदीचे. फ्रान्सने १७९४मध्ये वसाहतींतील गुलामगिरी रद्द केली होती. ती १८०२मध्ये पुन्हा लागू केली नेपोलियननेच. हा संदर्भ कळला की त्या नृत्याचा अर्थ बदलतो. जेरिकोच्या 'मेदुसाचा तराफा' या चित्रातही सर्वांत उंचावर उभा राहून कापड फडकवणारा माणूस कृष्णवर्णीय आहे.

चित्रफितीत आणखी एक चित्र लक्ष वेधून घेते. मारी-गिलेमीन बनुआ या चित्रकर्तीने १८००मध्ये, म्हणजे गुलामगिरी रद्द असण्याच्या त्या अल्प काळात, एका कृष्णवर्णीय स्त्रीचे व्यक्तिचित्र रंगवले. चित्रकर्तीचे नाव इतिहासात राहिले. समोर बसलेल्या स्त्रीची ओळख मात्र दीर्घकाळ केवळ तिच्या वर्णापुरतीच उरली. पॅरिसच्या ओर्से संग्रहालयातील २०१९च्या प्रदर्शनात हे चित्र 'मादलेनचे व्यक्तिचित्र' या नावाने मांडले गेले. दोन शतकांनंतर तिला नाव मिळाले.

शोध कसा घ्यावा?

प्रथम चित्रफीत पाहून आवडलेली कलाकृती टिपून घ्यावी. मग संग्रहाच्या संकेतस्थळावर कलावंताच्या नावाने शोध घ्यावा. नोंदीत चित्राचे माप, माध्यम आणि ते संग्रहात कसे आले याची माहिती वाचावी. त्याच कलावंताची वा त्याच काळातील अन्य चित्रे पाहत पुढे जावे. शेवटी मूळ गाणे पुन्हा ऐकावे. पहिल्यांदा निसटलेले बरेच काही आता दिसू लागते.

चित्रात कोण आहे, कोण नाही आणि कोणाचे नाव लिहायचे राहून गेले, हे प्रश्न विचारण्यासाठी कलेतिहासाची पदवी लागत नाही. कधी कधी एक गाणेही पुरेसे असते.