बेरियम लावलेलं बिस्किट

बिस्किटाचा पाव तुकडा घ्यायचा, त्याला बेरियमची पेस्ट फासायची, रुग्णाला ताठ बसवून तो चावायला द्यायचा आणि बाजूने क्ष-किरणांचं चलचित्र घ्यायचं. अमेरिकेतल्या रुग्णालयांत या तपासणीला कैक वर्षं ‘कुकी स्वॉलो’ म्हणत. कागदोपत्री ती ‘मॉडिफाइड बेरियम स्वॉलो’. अर्धांगवायू, पार्किन्सन किंवा घशाच्या कर्करोगावरचे उपचार यानंतर ज्यांना घास उतरेनासा होतो, त्यांची ही तपासणी. तिचं कूळ काढत गेलं की आपण एका पाळीव हंसापाशी पोचतो.

रॉन्टगेनला क्ष-किरण सापडले नोव्हेंबर १८९५ मध्ये. पुढच्याच वर्षी हार्वर्डमध्ये वैद्यकाच्या पहिल्या वर्षाला असलेल्या वॉल्टर कॅननला प्राध्यापक हेन्री बाउडिच यांनी सुचवलं, की या किरणांतून गिळणं दिसतं का ते पाहा. कॅनन आणि त्याचा सहाध्यायी अल्बर्ट मोझर यांनी त्या डिसेंबरात एका कुत्र्याला बटण गिळवलं आणि ते खाली सरकताना पडद्यावर पाहिलं. मग आला हंस. लांब मानेमुळे घासाचा प्रवासही लांबचा, म्हणून निवड अचूक. फक्त हा गडी मान स्थिर ठेवीना, तेव्हा त्याला पुठ्ठ्याची उंच कॉलर घातली. खाण्यात बिस्मथचा क्षार कालवला, कारण साधं अन्न क्ष-किरणांना दिसतच नाही. कॅनन पुढे मोठा शरीरशास्त्रज्ञ झाला, पण त्या बेसावध काळातल्या किरणांनी त्याच्या त्वचेला झालेली इजा कायमची मागे लागली.

बिस्मथ जास्त पोटात गेलं तर विषारी ठरे. १९१० च्या सुमारास त्याची जागा बेरियम सल्फेटने घेतली. पण बेरियमची तपासणी करणाऱ्यांचं लक्ष अन्ननलिका आणि जठर यांच्याकडे. घशातला टप्पा एखाद्या सेकंदात उरकतो. स्थिर फोटोत तो पकडायचा कसा? १९५० च्या दशकात ऑक्सफर्डच्या आर्ड्रन आणि केम्प यांनी क्ष-किरणांच्या चित्रफितींवर घशाच्या हालचाली बारकाईने नोंदवल्या, तेव्हा कुठे हा सेकंद थांबवून पाहता येऊ लागला.

तरीही एक अडचण उरलीच. रूढ तपासणीत रुग्णाला बेरियमचे मोठे घोट प्यायला लावत. ज्याचा घोट श्वासनलिकेत शिरतो, त्याला तपासणीसाठी पेलाभर पाजायचं, म्हणजे आगीची तपासणी रॉकेल ओतून करण्यासारखं. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या वाचाउपचारतज्ज्ञ जेरी लोगमन यांनी हे उलटवलं. आधी चमच्याचा एक तृतीयांश पातळ द्रव, मग घट्ट पेस्ट, मग ते बिस्किट. १९८३ साली त्यांचं पुस्तक आलं आणि पद्धत पसरली. मला त्यांचं खरं श्रेय मापापेक्षा दुसऱ्या गोष्टीत वाटतं: दोष दिसला की तिथेच, पडद्यासमोर, उपाय करून पाहायचा. घशाची एक बाजू लुळी असेल तर मान त्याच बाजूला वळवून गिळायला सांगायचं; घास धडधाकट बाजूने उतरतो. किंवा हनुवटी छातीकडे झुकवायची. त्याने जिभेचं मूळ मागे सरकतं आणि श्वासमार्गाचं तोंड अरुंद होतं. आपल्याकडे ठसका लागला की टाळूवर थोपटत ‘वर बघ, वर बघ’ म्हणतात, त्याच्या नेमकं उलट.

आणि ठसका लागतो तोवर बरंच म्हणायचं. पडद्यावर कधी कधी असं दिसतं, की बेरियमची काळी रेघ स्वरतंतूंच्या खाली उतरली आहे आणि रुग्ण मात्र शांत बसला आहे. ना खोकला, ना डोळ्यांत पाणी. हे असं गुपचूप फुप्फुसात जाणं जेवणाच्या ताटाशी बसून ओळखता येत नाही. १९८८ मध्ये सुसान लँगमोर आणि सहकाऱ्यांनी नाकातून बारीक दुर्बीण घालून घसा वरून पाहण्याची रीत मांडली. तिला किरण लागत नाहीत आणि ती खाटेपाशीही होते. पण ऐन गिळण्याच्या क्षणी घसा आवळतो आणि चित्र पांढरं होऊन जातं. म्हणून दोन्ही पद्धती टिकल्या.

उपायांमध्ये सगळ्यात सोपा म्हणून रुळला तो पातळ पदार्थ दाट करून देण्याचा. २००८ मध्ये लोगमन आणि जोॲन रॉबिन्स यांच्या मोठ्या अमेरिकी अभ्यासाचे निष्कर्ष आले. स्मृतिभ्रंश किंवा पार्किन्सन असलेल्या रुग्णांत मधाइतक्या दाट द्रवाने पडद्यावर सर्वांत चांगला परिणाम दाखवला होता. पण तीन महिन्यांत न्यूमोनिया किती जणांना झाला हे पाहिलं, तर दाट द्रव आणि झुकवलेली हनुवटी यांत म्हणावा असा फरक निघाला नाही. दाट पाणी प्यायला कुणाला आवडत नाही, हे तर वेगळंच.

शिवाय दाट म्हणजे किती? ‘मधासारखं’ हे प्रत्येक स्वयंपाकघरात वेगळं. २०१३ पासून एका आंतरराष्ट्रीय गटाने त्यासाठी शून्य ते सात पातळ्या ठरवल्या. द्रवासाठी साधन अगदी साधं: १० मिलिलिटरची सिरिंज भरायची, दहा सेकंद वाहू द्यायची, उरलं किती ते वाचायचं. एक ते चार मिलिलिटर उरलं तर पातळी एक, चार ते आठ उरलं तर दोन. मोजायचं ते वाढतानाच्या तापमानाला, कारण तांदळाची पेज गरम असताना एका पातळीत बसते आणि निवली की दुसऱ्या. आणि पिष्टाने दाट केलेल्या पेल्यात उष्टा चमचा बुडवला तर थोड्या वेळात तो पुन्हा पातळ होऊ लागतो. लाळेतलं अमायलेज पिष्ट फोडतं. झँथन डिंकावर त्याचा असा परिणाम होत नाही.